मदत हवी आहे: पितळी शमादानांचं वय कसं ठरवायचं? आणि लाल पडलेलं पितळ परत पिवळं होतं का?

नमस्कार मंडळी,

आमच्या घरी मेणबत्त्या लावायची पितळी शमादानं आहेत, दोन. शमादान हा शब्द घरात कोणी वापरत नाही, सगळे 'साहेबी समया' म्हणतात. गणपतीत मखराच्या दोन्ही बाजूंना उभ्या असतात, एरवी वर्षभर माळ्यावर. आजोबा देवळालीला कॅम्पात स्टोअरकीपर होते. 1947 साली साहेब लोक बंगले रिकामे करून निघाले तेव्हा सामानाचा लिलाव झाला, त्यातून आणलेल्या. एवढंच पक्कं ठाऊक आहे. काका मात्र दरवर्षी येणाऱ्याजाणाऱ्याला "पेशवाईतल्या आहेत" असं सांगतात, आणि अलीकडे आकडाही ठरलाय: दोनशे वर्षं.

उंची साडेदहा इंच. खाली कोपरे छाटलेली चौकोनी बैठक, दांड्यावर एक मणी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा वळ्यावळ्यांचा आणि एक हिऱ्यासारख्या पैलूंचा. एकीच्या बुडाशी मधोमध (मेणबत्तीचं उरलेलं बुडखं वर ढकलायच्या) लोखंडी गजाचं बटण आहे, दाबलं तर हलत नाही. तिच्याच बैठकीच्या आतल्या अंगाला 'आर' आणि 'डी' ही इंग्रजी अक्षरं, पुढे सहा आकडी नंबर (पहिले दोन आकडे 22, बाकीचे झिजलेत) आणि खाली 'इंग्लंड' असं उठलेलं आहे. दुसरीला बटण नाही आणि छापही दिसत नाही. ती हाताला जडही लागते. किराणावाल्याकडे वजन केलं: छापवाली 480 ग्रॅम, बिनछापाची 760.

आता माझा पराक्रम. छापवाली फार काळवंडली होती म्हणून लिंबू-मीठ चोळून, बादलीत लिंबाच्याच पाण्यात रात्रभर ठेवली. सकाळी बघतो तर बैठक तांब्याच्या तांब्यासारखी लालगुलाबी! घासून घासून हात दुखले, लाली जात नाही. शिवाय मेणबत्तीच्या नळीत आता फिकट हिरवी पूड धरायला लागलीय. बायकोने तेव्हापासून दुसरी लपवून ठेवलीय, मला सांगत नाही कुठे.

तर विचारायचं असं की वय कसं ठरवायचं, लाली जाईल का, आणि दांडा बैठकीशी किंचित हलतो तिथे गॅसने झाळून घेऊ का? तिथे आधी कोणीतरी करड्या रंगाची झाळ दिलेली आहे. विकायच्या नाहीत.

प्रतिसाद

कल्हई करून घ्या, चकाचक होतील.

धागाकर्ता

कल्हई केली तर पांढऱ्या होतील हो. भांडी नाहीत ती!

प्रतिसाद

थांबा, आधी काहीही करू नका. गॅसने तर नकोच. करडी झाळ म्हणजे कथील-शिशाची, ती 200 अंशांच्या आतच वितळायला लागते. पितळी झाळ द्यायची तर त्याच्या कितीतरी पट तापवावं लागतं. जुनी झाळ आधी पाण्यासारखी वाहील, तिच्यातलं शिसं पितळेत शिरेल आणि नवी झाळ तिथे धरणारच नाही. हलतोय तर हलू दे, उचलताना बैठकीला धरून उचला.

लालीचं कारण सोपं आहे. पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त. आम्लात जस्त आधी विरघळून जातं आणि वर तांबं उरतं. तासभर राहिलं असतं तर पापुद्रा पातळ असता, रात्रभर म्हणजे जरा खोल गेलं असणार. पण लिंबापेक्षा मीठ वाईट. त्यातला क्लोराइड पितळेच्या बारीक छिद्रांत बसतो आणि दमट हवेत पुन्हा पुन्हा ती फिकी हिरवी पूड बाहेर काढतो. आपल्या नेहमीच्या कळंकासारखी ती नुसती वर बसलेली नसते, खालून खात जाते. पावसाळ्याच्या आत बंदोबस्त करा.

आता उपाय: चमचाभर खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुवा, मग दोनचार दिवस रोज बदललेल्या फिल्टरच्या पाण्यात बुडवून ठेवा. (झाळेचा भाग पाण्याबाहेर राहील असं बघा.) नीट वाळवा. हिरवी पूड लाकडी टोकाने, उदाहरणार्थ दात कोरायच्या काडीने, कोरून काढा, सुरी नको. लालीसाठी पांढऱ्या खडूची वस्त्रगाळ पूड, दोनचार थेंब स्पिरिट आणि जुनं धोतराचं कापड. रोज दहा मिनिटं. पापुद्रा झिजला की खालचं पिवळं दिसेल. खोल गेलेल्या जागी दिसणार नाही, तिथे हात आवरा. छापाच्या जागेला अजिबात हात लावू नका, आधीच चार आकडे गेलेत. शेवटी मेणाचा पातळ हात. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत 1950 च्या दशकात याच कामासाठी तयार झालेलं रेनेसान्स वॅक्स ऑनलाइन मिळतं, डबी छोटी आणि महाग, पण तुम्हाला जन्मभर पुरेल.

प्रतिसाद

वयाबद्दल मी सांगते. तुमचे काका रागावतील.

इंग्लंडमध्ये वस्तूच्या नक्षीची नोंदणी व्हायची. 1842 ते 1883 पर्यंत त्याची खूण पतंगाच्या आकाराची होती. कोपऱ्यांत अक्षरं-आकडे आणि माथ्यावर छोट्या वर्तुळात रोमन आकडा, धातूसाठी एक. 1884 पासून ती खूण बंद होऊन 'आर-डी' (म्हणजे रजिस्टर्ड) लिहून सरळ क्रमांक सुरू झाले, 1 पासून पुढे. 1893 चा पहिला क्रमांक 205240, 1894 चा 224720. म्हणजे 22ने सुरू होणारा सहा आकडी क्रमांक 1893 च्या अखेरचा किंवा 1894 चा. 'इंग्लंड' हा शब्दही याच काळाशी जुळतो. अमेरिकेने 1890 च्या कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, ते 1891 पासून लागू झालं, आणि मग कारखानदार सगळ्याच मालावर नाव उठवायला लागले.

मात्र ही तारीख नक्षीची, तुमच्या नगाची नव्हे. तोच साचा पुढे वर्षानुवर्षं चालायचा. तुमच्याकडे दुसरं टोक पक्कं आहे, 1947. तेव्हा "1893 नंतरची आणि 1947 च्या आधीची" एवढं छातीठोक म्हणा.

पेशवाईची परीक्षा हवी असेल तर दांड्यावर तोंडाची वाफ सोडा. सतराव्या शतकाच्या अखेरपासून साधारण 1770-80 पर्यंत इंग्रजी शमादानांचा पोकळ दांडा दोन उभ्या अर्ध्या तुकड्यांत ओतून मग जोडत. वाफ बसली की जोडाची उभी रेघ वरपासून खालपर्यंत दिसते. पुढे दांडा अखंड पोकळ ओतायला लागले, ती रेघ गेली.

बिनछापाची बहुधा मुरादाबादची असावी. तिथे इंग्रजी घाटाचा माल ढिगाने होतो, चोरबाजारात तो 'अँटिक' म्हणून विकतात.

धागाकर्ता

वाफ सोडून पाहिली. रेघ नाही. काकांना अजून सांगितलेलं नाही.

लाली चार दिवसांत बरीच उतरली, बैठकीच्या एका कोपऱ्यात राहिलीय. तिथे तुम्ही म्हणालात तसा हात आवरला. बायकोने खूश होऊन दुसरी बाहेर काढली (पिठाच्या डब्यामागे होती). शेजारी ठेवल्यावर लक्षात आलं, ती बुटकी आहे. चार मिलिमीटर.

प्रतिसाद

चार मिलिमीटर नक्की? मी कोल्हापूरला शिरोलीत फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपला होतो म्हणून विचारतो. धातू थंड होताना आकसतो. बिडाला फुटामागे एक सूत (इंचाचा आठवा भाग), पितळेला दीड. पॅटर्न (साचा घ्यायचा नमुना) करणाऱ्याची फूटपट्टीच वेगळी असते, आकसाचा हिशेब धरून मोठी आखलेली. साडेदहा इंचाला दीड सुताच्या दराने काढा, चार मिलिमीटरच येतात.

म्हणजे तुमची बुटकी मुरादाबादच्या साच्यातली नाही. कोणीतरी तुमची उंच शमादानच वाळूत दाबून साचा घेतला आणि त्यात ओतली. पोकळ दांड्यासाठी आत गाभा बसवावा लागतो, तो खटाटोप केला नाही, भरीव ओतून टाकली. म्हणून वजन जास्त आणि म्हणून बटण नाही. बॅटरी आडवी धरून तिच्या बुडाशी, छापाच्या जागी बघा. वाळूतही छापाचं भूत उतरतं.

धागाकर्ता

अहो, आहे! दिवे घालवून आडव्या बॅटरीने पाहिलं. 'इंग्लंड'मधली पहिली दोन अक्षरं आणि नंबराच्या जागी नुसते फुगीर ठिपके. इतकी वर्षं बोटाला खरखर लागायची ती हीच.

लगेच आत्याला फोन लावला, वय 84, सगळं लख्ख आठवतं. म्हणाली, "दादांनी (म्हणजे आजोबांनी) एकच आणली होती रे. लिलावात एकच होती. आई म्हणाली, देवापुढे एकटी समई ठेवायची नाही. मग दादा ती पिशवीत घालून नाशकात तांबट लेनमध्ये घेऊन गेले आणि तिच्यासारखी दुसरी करून आणली. आईला ती जडवालीच आवडायची, म्हणायची, ही वाऱ्याने पडत नाही."

तेव्हा दुसरीला काहीही करणार नाही, पॉलिशही नाही.

एक शेवटचं राहिलं. पहिलीचा लोखंडी गज अजून अडकलेलाच आहे. नळीत जुनं मेण दिसतंय, खाली गंजही असेल. हेअर ड्रायरने मेण मऊ करून मग खालून तेल सोडू, की तेल आधी? हातोडी बायकोने काढून घेतलीय.