मदत हवी आहे : गावातल्या मेडिकलवर कितपत विसंबावे?

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका लहान गावचा असून नोकरीनिमित्त नागपुरात राहतो. आई-बाबा गावीच असतात. त्यांच्या औषधपाण्याविषयी जाणकारांचा सल्ला हवा आहे.

प्राथमिक आरोग्य केंद्र आमच्या गावापासून दूर आहे, एसटीचा भरवसा नाही, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत दवाखान्यात जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची. त्यामुळे ताप, हगवण, खोकला, गुडघेदुखी, अंगावरचे पुरळ या सगळ्यांसाठी फाट्यावरचे मेडिकल हाच आमच्या भागाचा दवाखाना झाला आहे. दुकान चालवणारे गृहस्थ स्वतः डी. फार्म. झालेले आहेत (परवाना एकाचा आणि गल्ल्यावर दुसराच, हा प्रकार इथे नाही), रात्री दार ठोठावले तरी उठतात आणि कापूस विकला जाईपर्यंत उधारीही ठेवतात. गावाचा त्यांच्यावर विश्वास आहे आणि तो अनाठायी आहे असे मला वाटत नाही. म्हणून ‘मेडिकलवाल्याकडून औषध घेऊच नका’ एवढाच सल्ला कृपया देऊ नये. तो पाळला जाणार नाही.

अडचण अशी आहे की बाबांना तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली होती. ती चिठ्ठी केव्हाच जुनी झाली, गोळी मात्र त्याच दुकानातून सुरू आहे आणि रक्तदाब कुणी मोजत नाही. शिवाय गुडघ्यांसाठी ते तिथूनच पुडी आणतात. पुडीत तीन-चार सुट्या गोळ्या असतात, त्यांवर ना नाव ना मुदत. एकदा एका कापलेल्या तुकड्यावर ‘डायक्लोफेनॅक’ एवढे वाचता आले. अशा वेदनाशामकांमुळे रक्तदाब वाढू शकतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो, असे वाचल्यापासून मी काळजीत आहे. पुडीतली बारीक पांढरी गोळी स्टेरॉइडची तर नाही ना, हीदेखील शंका आहे, कारण ती घेतली की बाबांना ‘लगेच तरतरी येते’.

त्या गृहस्थांना न दुखावता त्यांच्याकडून काय मागावे, आणि कोणत्या तक्रारीसाठी त्यांच्याकडे जाणे टाळावे, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद :

मी वर्धा जिल्ह्यात औषध दुकान चालवतो, म्हणून आमच्या बाजूचे थोडे स्पष्ट लिहितो. आपल्याकडे फार्मासिस्टला औषध लिहून देण्याचा अधिकार नाही. अनुसूची ‘एच’मधील औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची असतात, डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणि स्टेरॉइड त्यांतच मोडतात. सेफिक्झिमसारखी ‘एच-१’मधील प्रतिजैविके दिली, तर रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपावी लागते. खेड्यात हे कितपत पाळले जाते, ते आपण जाणताच.

पुडी मात्र आजपासून बंद करावी. पूर्ण पट्टी आणि बिल मागावे. पट्टी कापूनच घ्यायची असेल तर नाव आणि मुदत असलेला तुकडा घ्यावा. ‘मुलगा नागपुरात डॉक्टरांना दाखवणार आहे’ असे बाबांनी सांगितले, तर कोणताही दुकानदार वाईट वाटून घेणार नाही. त्या बारीक गोळीचे नाव तेवढ्यातच विचारून घ्यावे. ती स्टेरॉइडची निघाली आणि बाबा ती बरेच दिवस घेत असतील, तर एकदम थांबवू नये. गोळी सोबत नेऊन डॉक्टरांना दाखवावी आणि त्यांच्या सल्ल्यानेच ती कमी करावी.

रक्तदाबासाठी गावाजवळच्या उपकेंद्रात चौकशी करावी. बहुतेक उपकेंद्रे आता आयुष्मान आरोग्य मंदिरे झाली आहेत. तेथील समुदाय आरोग्य अधिकारी रक्तदाब मोजतात, ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी बोलणे करून देतात आणि गोळ्याही मोफत मिळतात. साठा संपला असेल तेव्हा तीच गोळी त्याच मेडिकलमधून घेण्यास हरकत नाही, पण मोजलेला रक्तदाब वहीत लिहिलेला असावा. जुनी चिठ्ठीही एकदा डॉक्टरांकडून नव्याने लिहून घ्यावी.

हगवणीला ओआरएस, साध्या अंगदुखीला पॅरासिटामॉल, किरकोळ जखमेला मलमपट्टी, एवढे आमच्याकडून खुशाल घ्यावे. मात्र पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा ताप दोन दिवसांत उतरला नाही, तर दुकानात तिसरी गोळी मागू नये. विदर्भात २०१८ मध्ये स्क्रब टायफसचे (झुडपा-गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्याने होणाऱ्या तापाचे) बरेच रुग्ण आढळले होते. त्या तापावर सेफिक्झिम चालत नाही, डॉक्सिसायक्लिन चालते. अंगावर, विशेषतः काखेत किंवा जांघेत, या चाव्याची काळी खपली दिसली तर ती डॉक्टरांना आवर्जून दाखवावी. फवारणीनंतर मळमळ, घाम, अंधुक दिसणे असे काही झाले, तर मेडिकलच्या पायरीवरही थांबू नये. २०१७ मध्ये तुमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते सर्वांना ठाऊक आहे. लगेच १०८ वर फोन करावा आणि फवारलेल्या कीटकनाशकाचा डबा सोबत न्यावा.