जुनी डिझेल पिकअप घेण्याआधी डिझेलचा हिशोब कसा मांडलात? अनुभव सांगा

ओलीमाती
परवा कपाट आवरताना बाबांची छोटी वही हाती लागली. त्यांच्या पिकअपच्या डॅशबोर्डच्या खणात असायची ती. पानावर तीन रकाने: तारीख, किलोमीटर, लिटर. काही ओळींपुढे 'फु' लिहून खाली रेघ मारलेली. 'फु' म्हणजे टाकी फुल. मधे पाच-दहा लिटर टाकलेलं ते फक्त बेरजेत धरायचे, भागाकार मात्र एका 'फु'पासून दुसऱ्या 'फु'पर्यंतच.

एका पानावर मी अडकले. ११.८, ११.६, ११.७, मग १०.९, १०.२, ९.६. शेजारी पेन्सिलीने 'मागचं उजवं चाक गरम'. पुढच्या फुलला परत ११.५. ब्रेक धरत होता एवढंच. आवाज नव्हता, धूर नव्हता, ॲव्हरेज घसरलं म्हणून त्यांनी शोधायला घेतलं. बराच वेळ ते पान बघत बसले होते.

आता धाकटा भाऊ पिकअप घेतोय. पंधरा वर्षं जुनी, डिझेल. मालक म्हणतो चौदाचं ॲव्हरेज देते. कधी देते, भरलेली की रिकामी, काही नाही, नुसतं चौदा. भावाचं रनिंग महिन्याला साधारण हजार किलोमीटर, जाताना माल, येताना रिकामी. तुम्ही घेतलीत तेव्हा काय हिशोब केला होता? काय धरायचं राहून गेलं? सविस्तर लिहा, तो वाचणार आहे.

रानपाखरू
माल किती किलो? त्यावर सगळं आहे.

ओलीमाती
सात-आठशे किलो. कधी कधी हजार.

पाटाकमान
मग चौदा विसरा ताई. रिकामी गाडी, सपाट रस्ता, साठ-सत्तरचा एकसारखा वेग, असं असेल तर कुठलाही मालक चौदा दाखवेल आणि तो खोटंही बोलत नसेल. पण तुमच्या भावाचं काम ते नाही ना. माझी भरून नेताना ९.५, येताना १२.५. लोक याची सरासरी ११ धरतात. जाणं-येणं सारख्याच अंतराचं असेल तर लिटर मोजा. १०० किमी जाताना १०.५ लिटर, १०० येताना ८. म्हणजे २०० ला १८.५, ॲव्हरेज १०.८. फरक थोडा वाटतो, वर्षाचा काढून बघा.

हिशोबनीस
पाटाकमान यांच्याशी सहमत, लिटरमध्येच विचार करा. किलोमीटर-प्रति-लिटर हा आकडा फसवा आहे. महिन्याला १००० किमीला:
८ ची गाडी १२५ लिटर पिते, १० ची १००. वाचले २५.
१४ ची ७१, १६ ची ६२-६३. वाचले जेमतेम ९.
दोन्हीकडे फरक दोनचाच, पण जुन्या तहानलेल्या गाडीत दोनने वाढलेलं ॲव्हरेज जवळजवळ तिप्पट डिझेल वाचवतं.

मी घेताना अजून एक केलं होतं. समोर दोन गाड्या होत्या, एक जुनी स्वस्त, एक कमी वापरलेली महाग. दोन्हींच्या किमतीतला फरक डिझेलच्या भावाने भागला आणि लिटरमध्ये लिहिला. मग महाग गाडी वर्षाला किती लिटर वाचवेल ते काढलं. एकाने दुसऱ्याला भागलं की वर्षं मिळतात. माझी साडेसात आली. तेवढी वर्षं मी ती गाडी ठेवणार नव्हतो, म्हणून जुनी घेतली. डिझेल महागलं की वर्षं कमी होतात, तेही एकदा वाढीव भावाने करून बघा.

सांजवेळ
अरे वा हे किती सोपं आहे. आमच्यात दोन महिने नुसते वाद चाललेत. मिस्टरांना दाखवते.

नोझलवाला
माझा धंदा इंजिनातल्या डिझेल पंपाचा आणि नोझलचा (नोझल म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारतो तो भाग), म्हणून जरा जास्त लिहितो. माफ करा.

ताई, गाडी बघायला जाण्याआधी 'सेल्फ मारू नका, आम्ही आल्यावरच चालू करू' असं सांगा. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट असेल तर मालकाने गरम करून ठेवलीय. थंड इंजिन खरं बोलतं. सुरुवातीला थोडा पांढरा धूर येऊन मिनिटात गेला तर हीटर प्लग (थंड इंजिन चालू होताना आतून तापवतो तो) वगैरे बघावं लागेल, घाबरायचं कारण नाही. गरम झाल्यावरही पांढरा राहिला तर एकतर डिझेल न जळता बाहेर पडतंय किंवा कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) आत जातंय. निळा म्हणजे ऑइल जळतंय. आणि तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध काळ्याचा. काळा धूर म्हणजे पैसे देऊन भरलेलं डिझेल अर्धवट जळून सायलेन्सरमधून जातंय. चढावर भरल्या गाडीने अॅक्सिलरेटर दाबल्यावर हलका काळा येणं जुन्या इंजिनात चालतं. सपाटीला सतत काळा असेल तर एअर फिल्टर, टर्बोचे (इंजिनात जादा हवा ढकलतो तो) फाटलेले होज, नोझल, पंपाचं सेटिंग या क्रमाने बघायचं. स्वस्त गोष्ट आधी. माझ्याकडे लोक थेट नोझल घेऊन येतात आणि एअर फिल्टर मातीने भरलेला असतो. मीच त्यांना परत पाठवतो.

बरेच जण गाडीचा जोर वाढवायला पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवून घेतात. तीनचार जणांच्या हातून गेलेल्या गाडीत हे हमखास केलेलं असतं. स्क्रूवरचं सील तुटलंय का बघा.

मग चालू इंजिनवर ऑइलचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवा. थोडं थरथरणं ठीक. उडून पडत असेल, फसफस वाफ येत असेल तर कॉम्प्रेशन खाली गळतंय. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हवा दाबून तापवूनच जाळायचं असतं. दाबच नसला तर ॲव्हरेज कुठून येणार.

ओलीमाती
दादा माफी कसली, हे सगळं लिहून घेतलं!

पहाटवारा
+१ थंड इंजिनाला. आम्ही फसलो होतो यातच.

केरसुणी
आमच्याकडे होती. ॲव्हरेजचं आठवत नाही पण मागे हौद्यात आमचा मोती बसायचा, कान वाऱ्यावर. विकली तेव्हा दोन दिवस तो जागेवर जाऊन बसत होता.

सांजवेळ
अगं केरसुणी 😢 आमचा पण सेम. आता आहे का मोती?

केरसुणी
नाही गं, चार वर्षं झाली. बाळ उठलं, येते नंतर.

धुळाक्षर
आमची कथा थर्मोस्टॅटची, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणाऱ्या झडपेची. गाडी घेतली तेव्हा इंजिन कधी तापतच नव्हतं, काटा चौथाईच्या वर जायचा नाही. मला वाटलं थंड इंजिन म्हणजे चांगलंच. थर्मोस्टॅट उघडा अडकला होता, कोणीतरी काढूनही टाकतात म्हणे. इंजिन गारठलेलं राहिलं की डिझेल जास्त लागतं आणि झीजही वाढते. छोटासा भाग बदलला, दहाचं अकरा झालं. भावाला सांगा, चाचणी फेरीत वीस मिनिटांनी तापमानाचा काटा कुठे उभा आहे ते बघ.

चाकोरी
टायर बघितलेत का? आधीच्या मालकाने मोठे टायर टाकले असतील तर किलोमीटरचा काटाच चुकतो. टायरचा घेर ५ टक्के मोठा असेल तर प्रत्यक्ष १०५ किमी जाता आणि काटा १०० दाखवतो. म्हणजे वहीत ॲव्हरेज कमी दिसेल. उलट झिजलेले किंवा लहान टायर असतील तर जास्त दिसेल. फोनवरच्या नकाशाशी पन्नास किमी ताडून बघा एकदा. हवा पण. मालवाहू गाडीला पुढची-मागची हवा वेगळी असते, भरल्यावर आणखी वेगळी, दाराजवळ स्टिकरवर लिहिलेलं असतं.

रानपाखरू
आणि वेग. ८० ऐवजी १०० ने चालवलं तर हवेचा अडथळा दीडपटीहून जास्त होतो, वेगाच्या वर्गाने वाढतो तो. पिकअपचं तोंड म्हणजे कपाट. वर कॅरिअर असेल तर काढून ठेवा.

उंबरठा
इंजिन कुठल्या जातीचं ते कोणी विचारलं नाही. जुन्यातली काही अशी असतात की डिझेल थेट सिलिंडरमध्ये जात नाही, आधी बाजूच्या छोट्या कप्प्यात फवारलं जातं. आवाज मऊ, पण कप्प्याच्या भिंती उष्णता खातात, म्हणून थेट फवाऱ्याच्या इंजिनापेक्षा दहा-पंधरा टक्के डिझेल जास्त. हा दोष नाही, बनावटच तशी. त्यात कितीही दुरुस्ती केली तरी ते टक्के परत येणार नाहीत. कॉमन रेल (एका सामाईक नळीत जास्त दाबाने डिझेल साठवून सगळ्या इंजेक्टरना, म्हणजे नोझलना देणारी पद्धत) छोट्या गाड्यांत आलं १९९७ ला. ॲव्हरेज चांगलं, पण सुरुवातीच्यांतसुद्धा दाब १३५० बारपर्यंत, म्हणून टाकीतलं पाणी-कचरा अजिबात चालत नाही. इंजेक्टर गेला तर वर्षभर वाचवलेलं डिझेल एका दिवसात गेलं समजा.

निळीछत्री
उंबरठा, जुन्या साध्या इंजिनात खाद्यतेल चालतं असं ऐकलंय. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात शेंगदाण्याच्या तेलावर इंजिन चालवून दाखवलं होतं ना? खर्च वाचेल का?

उंबरठा
दाखवलं होतं, खरं आहे. पण साधं तेल डिझेलच्या जवळजवळ दहापट घट्ट असतं. नीट फवारा होत नाही, नोझलवर काजळी बसते, पिस्टनच्या रिंगा चिकटतात. प्रदर्शनात थोडा वेळ चालवणं वेगळं आणि रोज हजार किलो ओढणं वेगळं. रुडॉल्फ डिझेलचं पहिलं यशस्वी इंजिन १८९७ चं, तेव्हाच २६ टक्के उष्णता कामाला लागली होती, वाफेच्या इंजिनांच्या कितीतरी पुढे. आणि हा माणूस १९१३ मध्ये बोटीवरून रात्रीत नाहीसा झाला. मला त्याचं फार वाईट वाटतं.

नोझलवाला
तेल घालू नका हो कृपा करून. आणि बायोडिझेल जुन्या गाडीत टाकणार असाल तर जुने रबरी होज आणि सील फुगतात, टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सुटून फिल्टर चोंदतो. शिवाय त्यात ऊर्जा थोडी कमी, म्हणजे लिटर जास्त लागतील.

बोरूटाक
माझं राहून गेलं ते सांगते. आमच्या गाडीला धूर अडवणारी जाळी होती, डीपीएफ. आमचं काम चार-पाच किलोमीटरच्या छोट्या फेऱ्यांचं. ती जाळी स्वतःला साफ करायला जादा डिझेल जाळते आणि त्यासाठी गाडी बराच वेळ सलग गरम चालावी लागते. आमची कधी चालतच नव्हती. साफसफाई अर्धवट, परत सुरू, परत अर्धवट. ॲव्हरेज ८. एकदा डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढली तर ऑइल वाढलेलं! डिझेल खाली उतरून ऑइलमध्ये मिसळत होतं. गॅरेजने 'चांगलं आहे, ऑइल पीत नाही' म्हणून सांगितलं होतं आम्हाला. इंजिन थोडक्यात वाचलं. छोट्या फेऱ्या असतील तर जाळीवाली डिझेल घेऊच नका, पेट्रोल बघा. पेट्रोलच्या लिटरमध्ये डिझेलपेक्षा साधारण दहा टक्के ऊर्जा कमी असते ते धरून तुलना करा, पण तरीही.

सांजवेळ
बापरे बोरूटाक. किती मनस्ताप झाला असेल.

बोरूटाक
झाला. अजून कोणी 'ऑइल वाढलंय' म्हटलं की धस्स होतं.

पाटाकमान
उभ्या गाडीचं डिझेल कोणीच धरत नाही. माल भरेपर्यंत इंजिन चालू ठेवायची सवय असते. तासाला अर्धा ते एक लिटर जातं आणि किलोमीटर शून्य. माझ्या ड्रायव्हरला मी हे ओरडून नाही सांगितलं, आठवडाभर बंद करायला लावलं आणि त्याच्याच समोर टाकी भरली. आता तो स्वतः बंद करतो.

पहाटवारा
जुन्या डिझेलला तुमच्याकडे अजून किती वर्षं परवाना आहे ते आधी बघा हं. आमचा हिशोब डिझेलवर बरोबर आला आणि नियमाने अडला.

ओलीमाती
सगळ्यांचे मनापासून आभार. आज जाऊन आलो, तेच सांगते.

बॉनेट थंड होतं. पांढरा धूर मिनिटभर, मग स्वच्छ. चढाला हलका काळा. ऑइलचं झाकण थरथरलं, उडालं नाही. पंपाचं सील शाबूत. परवान्याची मुदत बघितली, पुरेशी आहे. काटा वीस मिनिटांनी मध्यावर उभा. मालक भला माणूस निघाला, दिवसभर गाडी दिली.

टाकी फुल केली. पंपावरचं नोझल टाकी भरली की आपोआप बंद होतं, पण भाऊ बाबांसारखाच त्या पहिल्या कटला थांबला नाही. डिझेलला फेस येतो, तो बसेपर्यंत थांबला आणि परत घातलं, सपाट जागेवर, एकाच नोझलने. मग सातशे किलो भरून गेलो, रिकामे आलो. १६४ किमी. त्याच नोझलवर, त्याच जागी परत फेस बसेपर्यंत, १५.९ लिटर. म्हणजे १०.३. मालकालाही नवल वाटलं, तो रिकामीच चालवायचा.

दुसरी एक कमी वापरलेली बघितली होती, तिचं अशाच कामाला १३ धरलं. १००० किमीला ९७ आणि ७७. महिन्याला २० लिटर, वर्षाला २४०. किमतीतला फरक लिटरमध्ये २१०० आला. पावणेनऊ वर्षं. भाऊ म्हणाला जुनीच घेतो, पण १०.३ च्या हिशोबाने भाव सांगतो, १४ च्या नाही.

हिशोबनीस
उत्तम. किमतीत वाचलेल्या त्या २१०० मधले थोडे लिटर नोझल, फिल्टर आणि टायरसाठी बाजूला ठेवायला सांगा.

सांजवेळ
अभिनंदन गं! फोटो टाक. हौदा कसला आहे, लोखंडी की ॲल्युमिनियम?

धुळाक्षर
चाकं बघितली का गरम होतात ते? वहीवरून आठवलं.

ओलीमाती
हो, आल्या आल्या चारही चाकांजवळ हात नेऊन बघितला त्याने. पुढचं डावं बाकीच्यांपेक्षा जरा कोमट आहे. उद्या खोलतोय.