मुलीभोवती कौतुक करणाऱ्या मैत्रिणींचा घोळका आहे, काय करावं?

नववीची आई:
मुलगी नववीत आहे, चित्रकलेत हात चांगला आहे. मागच्या वर्षी एलिमेंटरी या सरकारी चित्रकला परीक्षेत ए ग्रेड मिळाली, यंदा पुढच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसतेय. तेव्हापासून वर्गातल्या तिघी सतत तिच्याभोवती असतात. "तुझ्यासारखं शाळेत कुणालाच जमत नाही", "तू तर थेट जे. जे.लाच (मुंबईच्या कला महाविद्यालयात) जाणार". आणि रविवारी संध्याकाळी त्या तिघींच्या विज्ञानाच्या प्रयोगवह्या आमच्या घरी येऊन पडतात. अंतर्वक्र आरशाच्या किरणाकृती ही काढून देते, आकृतीतल्या भागांची नावंसुद्धा हीच देते. स्वतःचा सराव राहतो तो राहतोच.

बालवाडीपासूनची एक मैत्रीण आहे. हिचं चित्र बघून ती म्हणाली, "कळशीचं तोंड वाकडं आलंय." झालं, तिच्याशी अबोला! मी काही बोलले की "तुला माझ्या मैत्रिणी आवडतच नाहीत" हे ऐकून घ्यावं लागतं. सरळ बंदी घालू का?

चित्रकला शिक्षक, वाई:
ताई, बंदी अजिबात नको. बंदी घातली की त्या तिघी बिचाऱ्या ठरतील आणि तुम्ही वाईट.

मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळे तुमच्या कळशीपाशी जरा थांबतो. स्थिरचित्रात, म्हणजे वस्तू समोर ठेवून काढायच्या चित्रात, मुलं हमखास चुकतात ती इथेच. कळशीचं तोंड वरून बघितल्यासारखं गोल उघडं काढतात आणि बूड मात्र पट्टीने ओढल्यासारखं सपाट. तासभर त्याच कागदावर नजर असली की काढणाऱ्याला ते दिसेनासं होतं. म्हणून मी कागद उलटा धरायला लावतो, नाहीतर भिंतीला लावून लांबून बघायला सांगतो. तिसरा उपाय म्हणजे शेजारी बसून कुणीतरी सांगणं. तुमच्या मुलीला असं सांगणारी मैत्रीण आहे, ही फार मोठी गोष्ट आहे हो. ते वाकडेपण दिसायला तिने चित्र नीट निरखलेलं असणार. "कसलं भारी" म्हणायला वही उघडावीही लागत नाही. हरभऱ्याच्या झाडावर चढवणाऱ्यांचं काम सोपं असतं.

मात्र चूक काढणारी प्रत्येक मुलगी मैत्रीण असते असंही नाही. तिने ते सगळ्या वर्गासमोर सांगितलं की बाजूला घेऊन, एवढं विचारून बघा.

आता रविवारचं. मुलीला एवढंच सुचवा, की तिने त्या तिघींना सांगावं, "माझा सराव चाललाय, काढून नाही देणार. पण या, शेजारी बसा, कशी काढायची ते दाखवते." खोटं कारण द्यायची गरज नाही. इंटरमिजिएटच्या ए ग्रेडला दहावीत ७ वाढीव गुण आहेत, बीला ५, सीला ३. सराव खरंच हवा. मग कोण येऊन बसतं, कोण दुसरी वही शोधायला जातं, ते तिचं तिला बघू द्या. तुम्ही त्यावर चकार शब्द काढू नका. "बघ, मी म्हटलं नव्हतं?" हे तर नकोच.

अकरावीतली:
सर, एक सांगू? सगळ्याच कौतुक करणाऱ्या मतलबी नसतात. आठवीत आमच्या वर्गात एक नवीन मुलगी आली होती, वडिलांची बदली झाली म्हणून. जिला तिला "तुझं अक्षर किती छान", "तुझा डबा किती छान" म्हणायची. आम्हाला वाटायचं, मस्का मारतेय. पण मला कावीळ झाली तेव्हा रोजचा अभ्यास लिहून घरी आणून देणारी तीच होती. एकटं पडायची भीती होती तिला, म्हणून गोड बोलायची.

चित्रकला शिक्षक, वाई:
बरोबर आहे बाळा. म्हणूनच मी बोलण्यावरून पारख करायला सांगत नाही. नकार मिळाल्यावरही जी येत राहते तिचं गोड बोलणं पोटातून आलेलं असतं. त्या तिघींतही अशी एखादी निघेल.

नववीची आई:
सर, तुम्ही सुचवलेलं वाक्य मुलीला सांगितलं. ती लगेच चिडली नाही, "बघते" म्हणाली. अबोला धरलेल्या मैत्रिणीला मी घरी बोलावू का? आणि त्या तिघींच्या आयांशी बोलू का?

चित्रकला शिक्षक, वाई:
आयांशी नको, घराघरांत भांडणं लागतील आणि सगळं तुमच्या मुलीवर शेकेल. मैत्रिणीलाही तुम्ही बोलावू नका, दोघींचं दोघींना मिटवू दे. वर्गशिक्षिकांना मात्र कुणाचं नाव न घेता भेटा. प्रयोगवह्या वर्गातच पूर्ण करून घ्या म्हणावं. किरण कुठून कसा परततो हे ज्यांनी स्वतः काढलंच नाही, त्या तोंडी परीक्षेत अडकतात, आणि तेव्हा शेजारी तुमची मुलगी नसते.