वरचं खाणं सुरू करण्याआधी बाळाची ॲलर्जी टेस्ट: हवी की नको?

मेतकूट: उष्टावणाआधीच रक्ताचं भलंमोठं ‘फूड पॅनेल’ करायचं फॅड आलंय. माझा विरोध. आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंड) पॉझिटिव्ह म्हणजे शरीरानं तो पदार्थ हेरून ठेवलाय, एवढंच. खाल्ल्यावर त्रास होईलच असं नाही. चाळीस पदार्थ तपासले की चार-दोन लाल आकडे निघतातच. मग गहू बंद, अंडं बंद, दूध बंद, आणि वजन अडलं म्हणून पुन्हा दवाखाना. आयजीजी या दुसऱ्या प्रतिपिंडाचं पॅनेल तर पैसे पाण्यात. ती खाल्लेल्या अन्नाची खूण, ॲलर्जीची नव्हे.

भाजके_दाणे: सरसकट नको, कबूल. पण अंगभर चिघळणारा इसब असलेलं किंवा अंड्यानं गांधी उठलेलं बाळ असेल, तर शेंगदाण्याआधी तपासावंच. फक्त दाणा. रक्तात दाण्याचं आयजीई ०.३५ युनिटच्या (kUA/L) खाली आलं तर सुरू करा. वर आलं तर ॲलर्जीतज्ज्ञ. स्किन प्रिकमध्ये (कातडीवर पदार्थाचा थेंब टोचून बघतात ती टेस्ट) गांध ३ ते ७ मिमी असेल तर पहिला घास डॉक्टरांसमोर, ८ किंवा त्यापुढे बहुधा ॲलर्जीच.

मेतकूट: आणि टेस्टची तारीख मिळेपर्यंत थांबायचं? शेंगदाण्यांवरच्या २०१५च्या ‘लीप’ अभ्यासात ४ ते ११ महिन्यांत दाणे सुरू केलेल्यांत पाचव्या वर्षी दाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी निघाली. उशीर हाच धोका.

भाजके_दाणे: त्याच ‘लीप’मध्ये आधी स्किन प्रिक करून ४ मिमीपेक्षा मोठी गांध आलेली बाळं वगळली होती. हे सोडून सगळे सांगतात!

गाळणी: इसब नसलेल्या बाळाला घरीच द्या, पण जाडसर कूट नको, श्वासनलिकेत जातं. भाजलेले दाणे वाटून, चाळून, पेजेत पातळ कालवा. चमच्याच्या टोकाएवढं देऊन १० मिनिटं थांबा, मग उरलेलं. पुढे २ तास लक्ष ठेवा. स्किन प्रिक करणार असाल तर सेटिरिझिन (ॲलर्जीचं औषध) आठवडाभर आधी बंद, डॉक्टरांना विचारून. सर्दीच्या औषधातलं क्लोरफेनिरामिनही त्यातच आलं. टेस्ट चालतेय का हे बघायला देतात त्या हिस्टामिनच्या टोचणीवर गांध उठली नाही तर ती ‘निगेटिव्ह’ टेस्ट फुकट. रक्ततपासणीला ही अट नाही.

मेतकूट: शी-मध्ये रक्ताच्या रेषा आणि बाळ एरवी हसतं-खेळतं, तिथे बहुधा दुधाची ॲलर्जी असली तरी रक्ताची आणि स्किन प्रिक, दोन्ही टेस्ट निगेटिव्ह येतात, कारण तिथे आयजीईचा संबंधच नसतो. अंगावर पाजणाऱ्या आईनं २ ते ४ आठवडे दूध, दही, ताक, पनीर, खवा सोडायचं, मग पुन्हा खाऊन बघायचं. ही दुसरी पायरी गाळली तर निदान अर्धवट. शेळीचं दूध हा उपाय नाही, प्रथिनं जवळपास तीच.

भाजके_दाणे: त्याआधी गुदद्वाराला चीर आहे का बघा. शी घट्ट असेल तर आईचं ताक उगाच बंद होतं.