कोवळ्या रोपांची पानं पिवळी पडणं, करपणं – तुमचे अनुभव लिहा

पडवीतली
काल भाच्याने टोरांटोहून फोटो पाठवला. तिकडे २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे, ऑन्टारिओत घरी चार झाडांपर्यंत लावता येतात, तर या पठ्ठ्याने कुंडीत लावलीत. पानं काळपट हिरवी, टोकं जळलेली आणि पोपटाच्या चोचीसारखी खाली वळलेली. विचारतो, मावशी काय झालं असेल? सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं नि म्हणाल्या, "अंबाडीला एवढं खत कोण घालतं गो?" झाड चुकलं पण दुखणं बरोबर ओळखलं!!

त्यावरून आप्पा आठवले, माझे सासरे. गुहागरला आमच्या सुपारीच्या बागेत त्यांनी जायफळाची रोपं लावली होती आणि नवीन गड्याने आळ्यात अगदी बुंध्यालगत मूठ मूठ युरिया टाकला. दोन-चार दिवसांत पानांच्या कडा विटकरी. आप्पांनी आरडाओरडा केला नाही, खुरप्याने वरची माती खरवडून बाहेर टाकली, पाटाचं पाणी आळ्यात सोडून भरपूर मुरू दिलं आणि सगळ्यांना दम दिला की आता कुणी काही घालायचं नाही. जळकं पान परत हिरवं होत नाही, नवीन पान कसं येतं ते बघा, असं म्हणायचे. बरीचशी जगली.

तुमच्याकडे काय झालं, शेवटी कारण काय निघालं ते लिहा. हापूस, मिरची, माड, काहीही. (गांजा नको, आपल्याकडे १९८५ चा एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा आहे 😄)

कातळावरचा
गांजा नको म्हणताय पण मोबाईलवर 'पान करपलं' शोधा, सगळे रंगीत तक्ते गांज्याचेच येतात. मी मिरचीसाठी बघत होतो, तेवढ्यात बायकोने फोन हातात घेतला. पुढचं सांगत नाही.

पडवीतली
😂😂

व्हाळाकाठी
गो बाय, भर पावसात लोक खत कित्याक घालतत? सगळा धुवान व्हाळाक जाता, मगे पान पिवळा पडला म्हणान परत घालतत. आमचो आजो सांगायचो, पाऊस जरा उघाडल्याबिगर झाडाच्या मुळात हात घालू नको. आणि ताजा शेण तर नकोच, कुजताना तापता, कवळी मुळां भाजतत.

मचूळ_विहीर
आमचं घर खाडीला लागून, देवगड साईड. फेब्रुवारीपर्यंत पाणी गोड, एप्रिल-मेमध्ये मचूळ. हापूसची नवीन कलमं दर उन्हाळ्यात टोकाकडून तपकिरी व्हायची, दुकानदार दर वेळी नवीन बाटली द्यायचा, एकदा पालाश (पोटॅश) कमी आहे म्हणाला एकदा बुरशी म्हणाला. शेजारच्या काकांनी विहिरीचं पाणी चाखलं आणि म्हणाले औषध बंद कर आधी, हे मीठ आहे. त्याच पाण्यावर माड मात्र मस्त, माडाला खारं चालतं. आता कलमांना उन्हाळ्यात पागोळीचं साठवलेलं पाणी, टाकी छोटीच आहे पण थोड्या कलमांना पुरतं. बाटल्या अजून माळ्यावर पडल्यात, कुणाला हव्यात?

दापोली_अ‍ॅग्री
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. आधी एवढंच बघायचं की खालचं जुनं पान पिवळं झालं की शेंड्याचं नवीन. नत्र (नायट्रोजन), पालाश, मॅग्नेशियम झाड जुन्या पानातून काढून नवीन पानाला देतं त्यामुळे कमी पडलं की खालची पानं आधी जातात, नत्र असेल तर अख्खं पान फिकट होतं, मॅग्नेशियम असेल तर शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा, पालाश असेल तर कडा जळतात. लोह आणि कॅल्शियम असं हलत नाही म्हणून तिथे नवीन पान बिघडतं. लोहाचं पान तर पांढरट पिवळं आणि त्यात हिरव्या शिरांची जाळी, एकदा बघितलं की विसरत नाही. आपल्या जांभ्या मातीत लोह ढीगभर, तरीही असं पान दिसलं तर मी पहिलं विचारते चुलीतली राख किती ओतलीत. राखेने, चुन्याने माती अल्कलीकडे गेली की लोह असून रोपाला घेता येत नाही. खत जास्त झालं तर टोकापासून जळत येतं, पटकन होतं, कुंडीच्या काठावर पांढरी खर दिसते. आणि मुळाशी पाणी तुंबलं तरी पिवळंच! माती ओली आणि रोप मान टाकून, तिथे खत घालू नका हो प्लीज. शिट्टी झाली, बाकी नंतर

पडवीतली
ही तर आख्खी शिकवणी झाली, थँक्यू गं.

कातळावरचा
राख!!! आमच्या आईचा सगळ्यावर एकच उपाय, राख. तिला हे दाखवू की नको?

दापोली_अ‍ॅग्री
दाखवा, पण राख वाईट नाही हां. कोकणातली माती मुळात आम्ल, चिमूटभर राख चांगलीच. घमेलं उपडं करू नका एवढंच.

गच्चीवर_रत्नागिरी
आमचे टोमॅटो खत न घालताच करपले. नुसतं कोकोपीट, तेही ओळखीतल्याने पोतं भरून फुकट दिलेलं. मग कळलं की नारळाची सोडणं खाडीत कुजवून काथ्या काढतात त्यातला भुसा होता तो. चिमूटभर जिभेवर ठेवला, खारट! बादलीत भिजवून पिळायचा, परत भिजवायचा, पाणी चहाच्या रंगाचं निघतं ते फिकट होईपर्यंत. हात आठवडाभर पिवळे. त्यानंतरची रोपं ठीक.

अलिबागकर
पांढऱ्या कांद्याचे शेंडे जळले की आमच्याकडे पण सगळे खताच्या नावाने बोंब मारतात. पात उलगडून बुडाशी बघा, बारीक पिवळसर किडे पळताना दिसतील, फुलकिडे. पातीवर पांढरे ओरखडे असतात त्यांचे. खत बिचारं उगाच बदनाम.

बाजारपेठ
मासे धुतलेलं पाणी कढीपत्त्याला घातलं तर चालतं का? सासूबाई म्हणतात चालतं.

मचूळ_विहीर
ताज्या मासळीचं पातळ करून चालतं. सुक्या बांगड्याचं नको, मीठच असतं त्यात.

बाजारपेठ
आणि मांजरं?

मचूळ_विहीर
त्याला उपाय नाही 😄

शेवंती७
विषय सोडून विचारते, अंबाडीची भाजी कशी करतात? वर वाचल्यापासून खावीशी वाटतेय.

पडवीतली
उकडून पिळून घे नाहीतर फार आंबट होते, तांदळाच्या कण्या घालून शिजव, गूळ थोडा, वरून लसणीची फोडणी अगदी सढळ हाताने. आणि गंमत म्हणजे अंबाडीचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस, पान गांज्यासारखं दिसतं म्हणूनच. सासूबाईंना सांगितलं तर म्हणतात, मग मी काय वेगळं बोलले?

शेवंती७
सासूबाईंना नमस्कार सांगा.

व्हाळाकाठी
कोण भाट्याक जातलो असात तर नारळ संशोधन केंद्रातसून बाणवलीची दोन रोपां हाडा रे माझ्यासाठी.

गच्चीवर_रत्नागिरी
मी जाईन शनिवारी. पैसे आधी पाठवा दादा, काजूगराचे अजून यायचेत.