मदत हवी आहे : भीमा खोऱ्याचा २०५० चा साठा कसा मांडायचा?

नमस्कार मंडळी. सोलापूर भागातल्या आमच्या अभ्यासगटाने भीमा खोऱ्याची २०५० पर्यंतची गरज आणि साठवण यांचा ताळेबंद मांडायला घेतला आहे. पिण्याचं पाणी आणि उद्योग यांचा अंदाज लोकसंख्येवरून बांधता येतो. गाडी अडली आहे ती भीमेवरच्या उजनी धरणापाशी. एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), पण त्यातला निम्म्याहून जास्त भाग मृतसाठा, म्हणजे तळाशी राहणारं, नेहमीच्या वापरात न धरलेलं पाणी. उपयुक्त साठा जेमतेम ५३ टीएमसी. त्यात गाळ दरवर्षी साचतोय आणि जलाशय पसरट असल्याने उन्हाळ्यात बाष्पीभवनही भरपूर.

गाळाने घटणारी क्षमता दोन्ही साठ्यांत कशी विभागून धरायची? येवा (धरणात येणारं पाणी) ७५ टक्के विश्वासार्हतेचा, म्हणजे शंभरपैकी ७५ वर्षांत तरी मिळेल इतका धरावा, की ५० टक्के? राज्यांमध्ये कृष्णा खोऱ्याचं पाणी वाटून देणाऱ्या पहिल्या कृष्णा लवादाने ७५ टक्के धरला होता, पण सलग दुष्काळी वर्षांत तो पुरेल असं मला वाटत नाही. चांगल्या वर्षातलं पाणी पुढच्या वर्षासाठी राखून ठेवायचा हिशेब कुणी केलाय का? शिवाय पुण्याची वाढती मागणी आणि तिथून परत येणारं सांडपाणी कुठे दाखवायचं?

पाटबंधारे खात्यात काम केलेल्यांनी कृपया जरूर लिहा. गाळाच्या सर्वेक्षणाचे अहवाल कुठे मिळतील तेही सांगा, त्यांची फार गरज आहे.