'आध्यात्मिक आळस' म्हणावं की दुसरं काही? आणि 'लोभा'चं काय करायचं?

मेणबत्ती :
आमच्या ख्रिस्ती प्रार्थनागटासाठी उपवासकाळातली मननं मराठीत आणते आहे. एका प्रकरणाला मी 'आध्यात्मिक आळस आणि लोभ यांवर विजय' असं नाव दिलं. कच्चा मजकूर वाचून दाखवत होते, तर गटातल्या एक आजी मधेच म्हणाल्या, "मी पहाटे चारला उठते, घरचं उरकून प्रार्थनेला येते. मला आळशी म्हणू नका. पण गुडघे टेकले की माझं मन लाकूड होतं, त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही." मी गप्प झाले, कारण मूळ प्रकरण त्या लाकूड झालेल्या मनाबद्दलच आहे. मूळ शब्द ग्रीक, 'आकेदिया'. त्याला मराठीत काय म्हणावं?

जुनी दौत :
शब्द तयार आहे, शोधायला नको. योगसूत्रांत साधनेचे नऊ अंतराय, म्हणजे अडथळे, सांगितलेत, त्यांत 'स्त्यान' आणि 'आलस्य' वेगवेगळे आहेत. स्त्यान म्हणजे चित्ताची अकर्मण्यता. आजींचं लाकूड ते हेच. नेमका शब्द असताना पसरट शब्द का घ्यायचा?

अर्धविराम :
दौत, स्त्यान वाचून आजी पुस्तक मिटून ठेवतील. पंडिता रमाबाई स्वतः हिब्रू-ग्रीक शिकल्या आणि तरी बायबल साध्या, बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत आणायला बसल्या, ते कशासाठी?

जुनी दौत :
साधी मराठी म्हणजे तोकडी मराठी नव्हे. शब्द वापरलाच नाही तर तो कळणार कधी?

पायवाट :
भांडणाआधी मूळ शब्द सोडवून बघू. 'आ' म्हणजे अभाव आणि 'केदोस' म्हणजे काळजी, जिव्हाळा. ज्याची पर्वा असायला हवी त्याची पर्वा न उरणं. चौथ्या शतकात मिसरच्या (इजिप्तच्या) वाळवंटात राहिलेल्या इव्हाग्रिअस या साधूने (345–399) आठ कुविचार सांगितले, त्यांत लोभही आहे आणि आकेदियाही. आकेदियाचं त्याने केलेलं वर्णन मला तोंडपाठ झालंय. सकाळी दहाच्या सुमारास हा विचार येतो आणि दोनपर्यंत सोडत नाही. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो. साधू सारखा खिडकीकडे बघतो, बाहेर येऊन जेवणाची वेळ किती लांब आहे ते सूर्यावरून जोखतो, कुणी भाऊ भेटायला येतोय का म्हणून इकडेतिकडे पाहतो. मग वाटायला लागतं, ही जागाच वाईट, इथे कुणाला माया नाही, दुसरीकडे गेलो तर देव नीट भेटेल.

हा माणूस झोपलेला नाही. उलट त्याचा पाय ठरत नाही. म्हणून 'आळस' चुकतो. माझं मत 'अनास्था'. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात आपल्या मराठी बायबलमध्ये 'आस्थेविषयी मंद असू नका' असं आहेच. म्हणजे शब्द घरातलाच.

अर्धविराम :
अनास्था ऐकलं की मला बातमी आठवते. 'प्रशासनाची अनास्था'. ज्याला ती असते त्याला तिचा त्रास होत नाही, त्रास इतरांना होतो. आकेदियात जळतो तो स्वतःच. 'उदासीनता' कशी वाटते?

जुनी दौत :
अजिबात नको. संतांच्या मराठीत उदास हा गुण आहे. तुकोबा सांगतात, धन उत्तम व्यवहाराने जोडावं आणि 'उदास विचारें वेच करी'. तिथे उदास म्हणजे न गुंतलेला. एकाच प्रकरणात आकेदियाला उदासीनता म्हणायचं आणि लोभावर औषध म्हणूनही उदास व्हा सांगायचं, असं होईल.

मेणबत्ती :
हे बरं दाखवलंत. मी तिसऱ्या परिच्छेदात अगदी तेच केलं होतं.

तिसरा प्रहर :
माझं टोपणनाव बघून कुणीतरी हाक माराल असं वाटलं होतं! स्तोत्र 91 च्या जुन्या ग्रीक भाषांतरात 'दुपारचा दैत्य' आहे, त्यावरून मठवासी आकेदियाला तेच नाव देत. मी 'दुपारचं भूत' म्हणेन. माझ्याकडे ते पहाटेही येतं. शास्त्र उघडतो, बोट ओळीवर ठेवतो, तिसऱ्या ओळीला दुसरा हात फोनकडे जातो. बोट ओळीवरच असतं. वीस मिनिटांनी बघतो तर बोटाखालचा शब्द तोच. आळस म्हणावा तर त्या वीस मिनिटांत मी चार जणांना उत्तरं दिलेली असतात, सगळी कामाची.

पायवाट :
यालाच आळस नाव कसं पडलं, तेही सांगतो. पोप ग्रेगरीने (कार्यकाळ 590–604) पापांची यादी लावताना आकेदिया विषादात मिसळली. पुढे पश्चिमेकडे सात पापं ठरली आणि त्यांत तिच्या जागी आळस रूढ झाला. धर्मपंडित थॉमस अक्वायनस (1225–1274) मात्र तिला देवाकडून मिळणाऱ्या हिताबद्दलचा विषाद म्हणतो. जे भलं आहे तेच जड वाटणं.

अर्धविराम :
आपल्या षड्रिपूंत लोभ आहे, आळस नाहीच. म्हणून मराठी माणसाला आळस हा आतला शत्रू वाटत नाही. तो पोरांना रागवायचा शब्द राहिला. 'अरे आळशा, मुंगीकडे जा' हे नीतिसूत्रही आपण पोरांनाच ऐकवतो.

मेणबत्ती :
आणि लोभ? तो शब्द तरी ठेवू ना? पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' लिहिणारी आपली भाषा आहे, म्हणून मी अडखळते.

जुनी दौत :
लोभ असावा यातला लोभ म्हणजे माया. संदर्भाने अर्थ कळतो, त्यात घोटाळा नाही. हाव किंवा हव्यास घेऊ नका. हव्यास म्हणजे 'हवे'ची 'आस'.

अर्धविराम :
ही फोड कानाला गोड आहे, पण आधार काय? हव्यास चांगल्या गोष्टीचाही असतो. वाचनाचा हव्यास म्हणतो ना आपण?

जुनी दौत :
मी लहानपणापासून अशीच ऐकत आलो.

पायवाट :
बायबलच्या ग्रीकमध्ये दोन शब्द आहेत. एक 'फिलार्गिरिआ', शब्दशः चांदीची प्रीती. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात द्रव्याच्या लोभाला सगळ्या वाइटाचं मूळ म्हटलंय, तिथे हा आहे. दुसरा 'प्लेओनेक्सिआ', आणखी हवं असणं. कलस्सैकरांच्या पत्रात त्याला मूर्तिपूजा म्हटलंय. दुसऱ्याला हाव चालेल, पहिल्याला नाही. इव्हाग्रिअसच्या लेखी द्रव्यलोभी माणूस चैनीचा विचारच करत नाही. म्हातारपण लांबेल, हात चालणार नाहीत, दुष्काळ पडेल, आजार येईल, दुसऱ्यापुढे हात पसरावा लागेल, हेच त्याच्या मनात घोळतं. ही हाव नाही, धास्ती आहे.

तिसरा प्रहर :
धास्ती! माझ्या वडिलांच्या कपाटात एक पाकीट असायचं, वर 'दान' लिहिलेलं. पगार झाला की ते त्यात रक्कम घालायचे आणि पाठीवर पेन्सिलीने आकडा लिहायचे. महिनाभरात तो आकडा खोडून लहान व्हायचा, मग आणखी लहान. कशावरही उधळत नसत ते. 'अडीनडीला असावेत' एवढंच म्हणायचे. शेवटी ते पाकीट माझ्याकडे आलं. पाठीवर आकड्यांवर आकडे खोडलेले. त्यांना लोभी म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही.

मेणबत्ती :
दादा, तुमची हरकत नसेल तर हे नाव न घेता प्रकरणात घेऊ का?

तिसरा प्रहर :
घ्या. पेन्सिल लिहायला विसरू नका.

पायवाट :
मग कॅसियन या जुन्या मठवासी लेखकाने सांगितलेला पौल नावाचा साधूही घ्या. तो वस्तीपासून सात दिवसांच्या वाटेवर राहायचा. खजुराची पानं गोळा करून रोज नेमून दिल्यासारखं काम करायचा. विकायला नेणं परवडणारं नव्हतं. गुहा भरली की वर्षाअखेर सगळं जाळून टाकायचा आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. हात थांबू दिले नाहीत, साठाही केला नाही. तुमच्या प्रकरणातल्या दोन्ही पापांवर एकच इलाज.

अर्धविराम :
पण याला शब्द कोणता? उद्योग म्हटलं की नफा येतो. कष्ट म्हटलं की दुःख.

जुनी दौत :
नेम.

अर्धविराम :
नेम पाळतात, करत नाहीत. पानं तो करत होता.

मेणबत्ती :
आज आजींनाच विचारलं, तुम्ही याला काय म्हणता? त्या म्हणाल्या, "मन विटतं. देवाचा वीट येत नाही गं, माझंच मन विटतं." मी 'मन विटणं' असं पेन्सिलीने लिहून ठेवलंय. पण शीर्षकात बसत नाही, आणि मजकूर शनिवारी द्यायचाय.

पायवाट :
कॅसियनने लॅटिनमध्ये आकेदियाचा अर्थ 'हृदयाचा वीट' असाच दिलाय! आजींना माझा नमस्कार सांगा.

जुनी दौत :
'विटणं' शीर्षकात चालणार नाही. वाचकाला 'वीट' पाहून भिंत आठवेल. अजून सांगतो, स्त्यान घ्या आणि खाली अर्थ द्या.

अर्धविराम :
कापडाचा रंग विटतो तेच हे विटणं, की वेगळं? आमच्या घरी दोन्ही म्हणतात, पण आई ते एकच क्रियापद मानायला तयार नाही.

तिसरा प्रहर :
माझी आजी उन्हात राहिलेल्या लुगड्याला विटलं म्हणायची. मनाबद्दल बोलताना मात्र कायम 'विटून गेलं' म्हणायची, नुसतं 'विटलं' कधीच नाही. या 'जाण्या'ने अर्थ बदलतो का?